दोन तासांचं घड्याळ

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या गल्लीतला अकरावीतला मुलगा लॅपटॉप काखेत घेऊन घरी आला. ओट्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "काका, पैसे वापस भेटतीन का हो?" त्याने एका ऑनलाइन दुकानातून साडेतीन हजारांचा गेम घेतला होता. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्यांच्या बोनसमधले पैसे. पडद्यावर गेम उघडून दाखवला तर पात्राने एक पाऊल टाकलं की चित्र थांबायचं, पुन्हा एक पाऊल, पुन्हा थांबायचं. गेमच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, खेळलेला वेळ २ तास ११ मिनिटं. प्रत्यक्षात तो जेमतेम वीस मिनिटं खेळला होता. बाकीचा वेळ गेमच्या आतच एक मोठी फाइल उतरत होती आणि हा जेवायला गेला होता. दुकानाची मर्यादा दोन तासांची. अर्ज केला, तो नाकारला गेला.

मध्यम धाग्याच्या कापसाला २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,१२१ रुपये हमीभाव होता. म्हणजे साडेतीन हजारांचा गेम हा अर्धा क्विंटल कापूस झाला. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या मलकापुरात ही रक्कम कुणी सहज सोडून देत नाही, आणि देऊही नये.

गेम विकत घेण्याआधी फुकट चालवून पाहण्याच्या आणि आवडला नाही तर पैसे परत मिळवण्याच्या बऱ्याच सोयी आज आहेत. त्या पुण्या-मुंबईइतक्याच आपल्या गावात बसूनही वापरता येतात. फक्त प्रत्येक सोयीचं घड्याळ वेगळं आहे. कुठे दिवस मोजतात, कुठे खेळलेली मिनिटं मोजतात, आणि एके ठिकाणी तर डाउनलोडचं बटण दाबलं की हक्कच संपतो. त्या मुलाला घड्याळ कधी सुरू होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आपण अगदी सुरुवातीपासून एकेक टप्पा पाहू.

आधी आपण नेमकं काय विकत घेतो ते. पूर्वी गेमची सीडी मिळायची. खेळून झाली की मित्राला देता यायची, विकता यायची. डिजिटल गेममध्ये आपल्या हातात वस्तू येत नाही, खेळण्याचा परवाना मिळतो आणि तो आपल्या खात्याला जोडलेला असतो. तो दुसऱ्याला विकता येत नाही. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या सर्वांत मोठ्या दुकानाने ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरण्याच्या पानावरच हे लिहायला सुरुवात केली. नको असलेला गेम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची वाट बंद झाल्यामुळे दुकानाकडूनच पैसे परत घेणं, म्हणजे रिफंड, हीच एक वाट उरते.

दुसरा टप्पा आपल्या यंत्राचा. बहुतेक रिफंड गेम वाईट निघाला म्हणून नव्हे, तर लॅपटॉप त्याला पुरा पडत नाही म्हणून मागावे लागतात. गेमच्या पानावर खाली यंत्राची दोन मापं दिलेली असतात. एक किमान, म्हणजे एवढं असेल तर गेम कसाबसा सुरू होईल. दुसरं शिफारस केलेलं, म्हणजे एवढं असेल तर नीट चालेल. आपण दुसऱ्या मापाशी तुलना करावी. पहिलं माप पाहून घेतलेला गेम पुढे छळतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आपल्या यंत्रात काय आहे हे कळायला विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत 'डीएक्सडायग' हा शब्द इंग्रजीत (dxdiag) लिहून एंटर करा. पहिल्या पानावर प्रोसेसर आणि मेमरी दिसते, डिस्प्लेच्या पानावर ग्राफिक्स चिपचं नाव. तिथे फक्त 'इंटेल यूएचडी' असं काही दिसलं तर बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चित्र रंगवण्याचं काम प्रोसेसरच्या आतली लहान चिपच करते, असं समजा. कॉलेजसाठी घेतलेले बरेचसे लॅपटॉप असेच असतात. त्यांच्यावर जुने आणि हलके गेम छान चालतात, नवे भारी गेम चालत नाहीत.

आता डेमो. डेमो म्हणजे गेमचा एक तुकडा, फुकट, बहुधा सुरुवातीचा. ही कल्पना जुनी आहे. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला तेव्हा इड सॉफ्टवेअरने त्याच्या तीन भागांपैकी पहिला पूर्ण भाग फुकट वाटला होता. लोकांनी तो एकमेकांना फ्लॉपीवर दिला, आणि आवडलेल्यांनी उरलेल्या दोन भागांचे पैसे पाठवले. आपल्याकडे हे सुख मासिकांनी आणलं. 'चिप' आणि नंतर 'डिजिट'च्या अंकाला सीडी चिकटवलेली असायची आणि तिच्यात डेमो असायचे. भुसावळ स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणलेल्या एका सीडीवर आम्ही तिघा मित्रांनी महिना काढला आहे. गाडीच्या शर्यतीचा एकच रस्ता होता त्यात, पण त्या रस्त्याचं प्रत्येक वळण आजही मला पाठ आहे.

मध्यंतरी डेमो जवळजवळ दिसेनासे झाले होते. आता पुन्हा आले आहेत. स्टीमवर वर्षातून तीन वेळा, बहुधा फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, 'नेक्स्ट फेस्ट' नावाचा आठवडा असतो. त्यात येऊ घातलेल्या शेकडो गेमचे डेमो फुकट उतरवता येतात. एरवीही गेमच्या पानावर 'डाउनलोड डेमो' असं बटण आहे का, ते आधी शोधावं. डेमोत घालवलेला वेळ विकत घेतलेल्या गेमच्या दोन तासांत धरत नाहीत, कारण डेमोची नोंद वेगळी असते. मी डेमोला सगळ्यात वर ठेवतो तो यासाठी. इथे घड्याळच नाही, शिवाय आपला लॅपटॉप पुरतो की नाही हेही कळतं. एक सावधगिरी मात्र हवी. डेमो गेम पूर्ण होण्याच्या आधी बनवलेला असू शकतो आणि त्यात सुरुवातीची सोपी जागाच असते. डेमो अडखळला तर गेम घेऊच नये. डेमो नीट चालला तर पूर्ण गेमही नक्की चालेलच असं नाही.

डेमोसारख्या दिसणाऱ्या आणखी काही गोष्टी असतात, त्यांत लोक गोंधळतात. 'फ्री वीकेंड' म्हणजे शनिवार-रविवारपुरता पूर्ण गेम उघडा. सोमवारी तो बंद होतो, पैसे कापले जात नाहीत. 'टाइम्ड ट्रायल' म्हणजे पूर्ण गेम, पण ठरावीक मिनिटांसाठी. मे २०२३ मध्ये 'डेड स्पेस' हा गेम स्टीमवर असा ९० मिनिटं फुकट दिला होता. 'अर्ली अ‍ॅक्सेस' मात्र फुकट नसतं. तो अर्धवट तयार असलेला गेम आहे, आपण पैसे देऊन घेतो आणि तो पुढे पूर्ण होईल अशी आशा ठेवतो. 'फ्री टू प्ले' म्हणजे गेम फुकट, आतल्या वस्तूंना पैसे. पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' या प्रकारातला आहे. एपिक गेम्स स्टोअर डिसेंबर २०१८ पासून गेम फुकट देतं, सुरुवातीला दोन आठवड्यांनी, आता दर आठवड्याला. आपल्याकडे गुरुवारी रात्री तो बदलतो. तो खात्यात घेतला की कायमचा आपला, आणि त्यासाठी कार्डाचा नंबर द्यावा लागत नाही.

चौथा टप्पा जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. एखादं सबस्क्रिप्शन, म्हणजे महिन्याची वर्गणी, 'पहिला महिना मोफत' म्हणून दिलं जातं. गूगल प्ले पास २०२२ च्या सुरुवातीला भारतात आला तेव्हा महिन्याला ९९ रुपये वर्गणी होती आणि पहिला महिना फुकट. ही सोय चांगलीच आहे, शेकडो गेम जाहिरातींशिवाय मिळतात. पण फुकट महिना सुरू करतानाच आपण ऑटोपेला परवानगी देतो. ऑटोपे म्हणजे पुढच्या महिन्यापासून आपल्याला न विचारता पैसे कापायची बँकेला दिलेली मोकळीक. मंजुरी देताना एक-दोन रुपये कापून परत केले जातात. आपल्याला वाटतं व्यवहार तिथेच संपला. घड्याळ तिथूनच चालू होतं.

इथली हमखास होणारी चूक म्हणजे अ‍ॅप काढून टाकणं. फोनवरून अ‍ॅप गेलं की वर्गणी गेली असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. वर्गणी खात्याला जोडलेली असते, फोनला नाही. प्ले स्टोअरमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जा, तिथे चालू वर्गण्यांची यादी दिसेल. त्यातून रद्द करायची. आयफोनवर सेटिंगमध्ये सर्वांत वर आपलं नाव असतं, त्यात सबस्क्रिप्शन्स. अ‍ॅपल सांगतं की फुकट मुदत संपायच्या किमान एक दिवस आधी रद्द करा, शेवटच्या दिवसावर जाऊ नका. मी तर म्हणतो, फुकट महिना सुरू केला त्याच संध्याकाळी रद्द करून टाका. बहुतेक वर्गण्यांत रद्द केल्यावरही मुदत संपेपर्यंत खेळता येतं. काहींत लगेच बंद होतं. कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे रद्द करतानाच पडद्यावर लिहून येतं, तेवढं वाचूनच बटण दाबायचं.

त्यानंतर यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेच्या यादीत ती परवानगी शिल्लक आहे का पाहा, असेल तर तीही काढा. दोन्ही कामं वेगळी आहेत, एक केलं म्हणजे दुसरं होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार असे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेकडून मेसेज यायला हवा. तो येतोही. पण दिवसभराच्या कर्जाच्या आणि रिचार्जच्या मेसेजांत तो दिसत नाही. घरात ज्यांचा नंबर बँकेला जोडलेला आहे, बहुधा वडिलांचा, त्यांना आधी सांगून ठेवावं की असा मेसेज आला तर मला दाखवा. वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवण्याला केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी नाव दिलं आहे, 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'. त्या सूचनांतल्या १३ फसव्या पद्धतींपैकी ही एक आहे. त्यामुळे कुठे रद्द करायचं बटणच सापडत नसेल तर आपण अडाणी आहोत असं समजू नका. ती तक्रारीची गोष्ट आहे.

आता खरेदीचा दिवस. डेमो मिळाला नाही, पण गेम घ्यायचाच आहे. स्टीमचा नियम असा आहे की खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर कोणत्याही कारणासाठी पैसे परत. कारण 'मजा आली नाही' एवढंही चालतं. इथे दोन घड्याळं एकदम चालतात. १४ दिवसांचं घड्याळ पैसे भरताच सुरू होतं, तर दोन तासांचं गेम पहिल्यांदा उघडल्यावर. म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, सेल आहे म्हणून गेम घेऊन ठेवू नये. पंधराव्या दिवशी उघडला तर एक मिनिट न खेळताही हक्क गेलेला असतो.

गेम स्टीममधून उतरत असताना दोन तासांचं घड्याळ बंद असतं. ऐंशी-नव्वद जीबीचा गेम आपल्याकडच्या नेटवर रात्रभर उतरला तरी चिंता नाही. खोड आहे ती काही गेमच्या आत. ऑगस्ट २०२० मध्ये आलेला 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' आठवा. स्टीमवरून त्याचा लहानसा भाग उतरायचा, आणि तो उघडल्यावर उरलेले नव्वदेक जीबी गेमच्या आतून उतरायला लागायचे. स्टीमच्या दृष्टीने गेम चालू आहे. विमानाने धावपट्टी सोडायच्या आत लोकांचे दोन तास संपले. काही गेमना स्वतःचा लाँचर असतो, म्हणजे गेमच्या आधी उघडणारी दुसरी खिडकी. तिथे खातं काढा, पासवर्ड टाका, अपडेट उतरवा, हे सगळं त्या दोन तासांतच धरलं जाऊ शकतं. आमच्या गल्लीतल्या मुलाचे दोन तासही असेच, गेमच्या आतली फाइल उतरण्यात गेले होते.

मग करायचं काय? गेम पहिल्यांदा उघडायचा तो हाताशी मोकळा वेळ असताना. आतून मोठी फाइल उतरायला लागली आणि तासाभराचं काम दिसलं, तर तिथेच गेम बंद करून टाका, मधेच जेवायला उठू नका. मेनूवर ठेवलेला गेम, पॉज केलेला गेम, खाली दडवलेला गेम, तिन्हींचे काटे फिरत असतात. उठताना गेम पूर्ण बंद करण्याची सवय लावून घ्या. अंधार पडल्यावर विहिरीवरची मोटर आठवणीने बंद करतो, तशी.

पहिल्या अर्ध्या तासात गोष्ट पुढे नेण्याच्या मागे लागू नका. सेटिंगमध्ये जाऊन चित्राची प्रत सगळ्यात खाली आणा आणि मग चालवून पाहा. खालच्या प्रतीतही अडखळत असेल तर गेम लॅपटॉपला पेलणारा नाही, तिथेच थांबा. आवाज येतो का, अक्षरं वाचता येतात का, माउस किंवा कंट्रोलर ओळखला जातो का, नेट नसताना उघडतो का, हे बघा. गर्दीच्या जागी जा. पहिली खोली नीट चालते आणि बाजारात शिरलं की यंत्र गुदमरतं, असे पुष्कळ गेम आहेत. साधारण तास-सव्वा तासाला निर्णय घ्यावा. दोन तास होईपर्यंत ताणण्यात काही मिळत नाही, पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर पैसे गेले.

काही बारीक नियम आहेत. येणाऱ्या गेमचे पैसे आधीच भरले असतील तर गेम येईपर्यंत केव्हाही परत मागता येतात. आल्यानंतर वरचे दोन नियम लागतात. जादा पैसे भरून चार दिवस आधी खेळायला मिळतो तो वेळ पूर्वी मोजत नसत, एप्रिल २०२४ पासून तोही मोजतात. गेमची की, म्हणजे दुसऱ्या साइटवरून स्वस्तात घेतलेला आकडे-अक्षरांचा संकेत, स्टीमवर टाकून गेम मिळवला असेल तर स्टीम त्याचे पैसे देत नाही, कारण ते पैसे त्यांच्याकडे गेलेलेच नसतात. आणि खेळताना फसवेगिरी केली म्हणून एखाद्या गेममध्ये बंदी आली असेल तर त्या गेमचा रिफंड विसरा. एक नियम मात्र आपल्या बाजूचा आहे आणि फार थोड्यांना ठाऊक असतो. गेम घेतला आणि तीन दिवसांनी सेल लागून अर्ध्या किमतीत आला, तर जुना परत करून नव्या दरात घ्यायला स्टीमची हरकत नाही.

आता प्रत्यक्ष अर्ज. स्टीममध्ये वरच्या ओळीत 'हेल्प' आहे, त्यात 'स्टीम सपोर्ट'. सगळं इंग्रजीत आहे, मराठीची सोय नाही, म्हणून सावकाश सांगतो. नुकत्याच घेतलेल्या गेमची यादी दिसेल, आपला गेम निवडा. काय अडचण आहे ते विचारतील, तिथे 'आय वुड लाइक अ रिफंड' असा पर्याय असतो तो दाबा. पुढच्या पानावर आपला खेळलेला वेळ आणि खरेदीची तारीख दिसते. खाली पैसे कुठे हवेत ते विचारतात. एक पर्याय मूळ मार्ग, म्हणजे यूपीआय किंवा कार्ड, जिथून भरले तिथे. दुसरा स्टीम वॉलेट, म्हणजे त्याच दुकानातलं आपलं पाकीट. वॉलेटमध्ये पैसे लवकर येतात, पण तिथून ते पुन्हा बँकेत आणता येत नाहीत. पैसे वडिलांचे असतील तर मूळ मार्गच निवडा. घाईत वॉलेट निवडून बसणं ही फार वेळा होणारी चूक आहे. मूळ मार्गाने परत करणं जमलं नाही तर दुकान आपणहून वॉलेटमध्ये टाकतं, ते मेलमध्ये कळवतं.

अर्ज पाठवला की मेल येतो. मंजुरीनंतर आठवड्याभरात पैसे यायला हवेत. बाहेरच्या देशातून फिरून येणाऱ्या रकमेला जरा जास्त दिवस लागतात. तोवर खरेदीचा मेल आणि बँकेचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा.

ही सोय दुकानांनी आपणहून दिलेली नाही, हे सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीला कोर्टात खेचलं. खटला चालू असतानाच जून २०१५ मध्ये कंपनीने जगभरासाठी दोन तासांचा नियम आणला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन कोर्टाने तिला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. दूरच्या ग्राहकांनी तक्रार लावून धरली, तिचा उपयोग आज मलकापुरातल्या पोराला होतो.

आणि दुसरी बाजूही मला तितकीच सांगावीशी वाटते. ऑगस्ट २०२१ मध्ये 'समर ऑफ फिफ्टीएट' हा भयकथेचा छोटा गेम बनवणाऱ्या एमिका गेम्सने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. गेम दोन तासांच्या आत संपायचा. लोक पूर्ण खेळायचे, चांगला अभिप्राय लिहायचे आणि पैसे परत घ्यायचे. नियमात बसत होतं ते. तरी मी आमच्या पोरांना सांगतो की पूर्ण खेळून आवडलेला गेम परत करायचा नाही. 'राजी' बनवणारे नॉडिंग हेड्स गेम्सचे लोक पुण्याचेच आहेत, २०२० मध्ये तो गेम जगभर गेला. उद्या आपल्या गावातली मुलं गेम बनवतील तेव्हा त्यांच्याही घरात हेच पैसे येणार आहेत.

बाकीच्या दुकानांचं थोडक्यात. एपिकचा नियम स्टीमसारखाच, १४ दिवस आणि २ तास. फक्त 'परत न होणारं' असं लिहिलेल्या वस्तू सोडून. जीओजी या पोलंडच्या दुकानात फेब्रुवारी २०२० पासून ३० दिवस मिळतात, आणि गेम उघडून खेळलेला असला तरी. त्यांनी ग्राहकावर विश्वास टाकला आहे, तो राखावा.

प्लेस्टेशनचं घड्याळ सगळ्यात कडक. १४ दिवस आहेत, पण गेम उतरवायला सुरुवात केली की संपलं. एक सेकंद खेळला नसला तरी. आणि खरेदी झाल्यावर गेम आपोआप उतरायला लागावा अशी सेटिंग यंत्रात असू शकते, ती आधी बंद करा. गेमच सदोष असेल तर अपवाद होतो. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये इतका मोडका आला की सोनीने आठवड्याभरात तो दुकानातून काढला आणि सगळ्यांना पैसे परत देऊ केले. पण असा अपवाद रोज होत नाही. प्लेस्टेशनवर आधी चालवून पाहायचं तर भारतात प्लेस्टेशन प्लसची 'डीलक्स' वर्गणी आहे, तिच्यात काही गेमच्या ठरावीक तासांच्या ट्रायल मिळतात.

आपल्याकडे बहुतेक घरांत गेम म्हणजे फोन. गूगल प्लेवर घेतलेल्या गेमचे किंवा आतल्या वस्तूंचे पैसे ४८ तासांच्या आत गूगलकडेच मागता येतात. त्यानंतर गेम बनवणाऱ्याला लिहावं लागतं, त्याचा पत्ता गेमच्या पानावर खाली असतो. एकच गेम परत करून पुन्हा घेतला तर दुसऱ्यांदा रिफंड मिळत नाही. आयफोनवर अ‍ॅपलच्या 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' या पानावरून अर्ज करायचा.

फोनवरचा खरा घोर लहान मुलांचा. आठ वर्षांचं पोर आजीच्या फोनवर खेळताना हिरे, नाणी, बंदुकीच्या 'स्किन' घेत सुटतं आणि महिनाअखेर कळतं. घरातल्याच कुणी घेतलं असेल तर तेच ४८ तासांचं घड्याळ, म्हणून कळताक्षणी अर्ज करा. कुणी परक्याने आपल्या खात्यातून खरेदी केली असेल तर ती गूगलला १२० दिवसांच्या आत कळवायची असते. पण त्याहून सोपं म्हणजे प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीची पडताळणी प्रत्येक खरेदीसाठी चालू करणं. मग पासवर्ड किंवा बोटाचा ठसा दिल्याशिवाय एक रुपयाही जात नाही. आज संध्याकाळी घरातल्या सगळ्या फोनवर हे करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

पैसे लावून जिंकायचे-हरायचे खेळ मी यात धरलेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने त्यांच्यावर बंदी आणली आहे. तिथे अडकलेल्या पैशांना हे नियम लागू नाहीत.

शेवटी, अर्ज नाकारला तर. आधी पुन्हा लिहा. दुसरा अर्ज बहुधा वेगळा माणूस वाचतो आणि मर्यादेबाहेरच्या अर्जांचाही विचार होऊ शकतो. आमच्या गल्लीतल्या मुलाने टिपणीच्या चौकटीत चार साधी वाक्यं लिहिली. गेम किती वाजता उघडला, आत किती जीबी उतरलं, त्याला किती वेळ लागला आणि प्रत्यक्ष किती मिनिटं खेळलो. रडगाणं नाही, शिवी नाही. पाचव्या दिवशी मंजुरी आली. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, त्याने काही अडलं नाही.

बँकेला सांगून व्यवहार उलटा करून घेण्याची वाट सुचवणारे भेटतात. ती शेवटची ठेवा, कारण दुकान त्यावर आपलं खातं गोठवू शकतं आणि आधीचे सगळे गेम अडकतात. इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' तर मुळीच शोधू नका. स्टीमला ग्राहकांसाठी फोन नंबरच नाही. त्या नावाने सापडणारा नंबर फसवणाऱ्याचा असतो. तो स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि रिफंडऐवजी खातं साफ करतो. चुकून असं झालंच तर ताबडतोब १९३० वर फोन करा, जितका लवकर तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

युरोपासारखा १४ दिवसांचा माघारीचा हक्क डिजिटल खरेदीला आपल्याकडे नाही, दुकानाने जे लिहिलं आहे तेच आपण मागू शकतो. पण लिहिलेलं पाळलं नाही तर आपण एकटे नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना नियमित विक्री करणाऱ्या परदेशी दुकानांनाही लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं, असं त्यांत आहे. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतही बोलता येतं. फोन करताना खरेदीची तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि नकाराचा मेल समोर ठेवा.

तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे दुकान अमेरिकेत असलं तरी आपला आयोग बुलढाण्याचा. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवर घरूनच दाखल होते, त्यासाठी मोताळ्यावरून राजूर घाट चढावा लागत नाही. खरेदीची पावती, नियमांच्या पानाचा खरेदीच्या दिवशी काढलेला फोटो आणि खेळलेल्या वेळेचा स्क्रीनशॉट, एवढे तीन कागद जवळ असले की अर्ज भरायला बसता येतं.